चौदा पानांचं वेळापत्रक

"यंदापासून वेळापत्रक कॉम्प्युटरवर," मोठ्या बाईंनी जाहीर केलं आणि स्टाफरूममधल्या सगळ्या माना एकदम वेळापत्रकसरांकडे वळल्या. त्या सहानुभूतीने वळल्या असं ज्याला वाटेल, त्याने शाळेत कधी नोकरी केलेली नसावी.

वेळापत्रकसर तसे भूगोल शिकवायचे. पण ही गोष्ट शाळेत फारशी कोणाच्या लक्षात नव्हती, विद्यार्थ्यांच्या तर मुळीच नव्हती. गेली एकोणीस वर्षं ते शाळेचं वेळापत्रक लावत होते आणि त्यांची ओळख, वट, दरारा सगळं त्या एका तक्त्यावर उभं होतं. शाळा सुरू व्हायच्या आधी आठ दिवस ते हॉलमध्ये जमिनीवर भला मोठा कागद पसरत, गुडघ्यांखाली उशी घेत आणि रंगीत पेन्सिलींनी बावीस माणसांचं वर्षभराचं सुखदुःख चौकटींत भरत. त्या दिवसांत त्यांना पंख्याखालची खुर्ची मिळे. चहा आधी त्यांच्यापुढे येई. त्यांच्या पाठदुखीची चौकशी होई, मुलीच्या परीक्षेची होई, एकदा तर त्यांच्या स्कूटरच्या तब्येतीचीही झाली होती. वेळापत्रक लागलं की या सगळ्या चौकशा पुढल्या वर्षापर्यंत विश्रांतीला जात. सर काही भाबडे नव्हते. कोणी किती वेळा विचारपूस केली, कशासाठी केली, आणि त्या बदल्यात कोणाला कोणता तास सुटला, याचा चोख हिशेब त्यांच्या डोक्यात होता.

"मागच्या वर्षी तयार सॉफ्टवेअर आणलं होतं ना, बाई," सर म्हणाले. "त्याने पी.टी.चा तास प्रयोगशाळेत ठेवला होता."

"म्हणूनच तयार नको. आपला प्रोग्रॅम आपण लिहायचा. शाळेच्या गरजा शाळेलाच माहीत." मोठ्या बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढून बोललेलं वाक्य महत्त्वाचं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "पर्यवेक्षक उरलेली रजा संपवून या वर्षी निवृत्त होतायत. हे काम जो करून दाखवेल, त्याचा त्या जागेसाठी विचार होईल."

हे ऐकून विज्ञानाचे सर सावरून बसले. पर्यवेक्षकाच्या खुर्चीवर त्यांचाही डोळा होता, शिवाय त्यांच्याकडे लॅपटॉपची बॅग होती. बॅगेत जेवणाचा डबा असायचा, पण बॅग लॅपटॉपचीच होती.

"मी शिकतो," वेळापत्रकसर घाईघाईने म्हणाले. "आजपासून."

शिकवायचं काम आलं कॉम्प्युटरच्या बाईंकडे. त्या वयाने सव्वीस वर्षांच्या आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत बाविसाव्या, म्हणजे शेवटच्या. दोन वर्षांपूर्वी त्या नव्याने आल्या तेव्हा वेळापत्रकसरांनी त्यांना आठवड्याचे पाचही शेवटचे तास दिले होते. नवीन माणसाने विचारपूस करायला थोडा उशीर केला, एवढंच. आता रोज साडेचार वाजता सर वही घेऊन त्यांच्यासमोर बसू लागले.

"सर, कॉम्प्युटर हुशार नसतो," बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं. "तुम्ही सांगाल तेवढंच करतो. गाळलेलं समजून घेत नाही."

"म्हणजे नववी क."

"नववी क निदान खिडकीबाहेर बघून काहीतरी समजून घेते, सर."

दुसऱ्या दिवशी व्हेरिएबल झालं. एक डबा, त्याला नाव, आत किंमत. हे सरांना लगेच पटलं, कारण स्टाफमधल्या प्रत्येक माणसाची किंमत त्यांनी आधीच ठरवून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी अट झाली: जर असं, तर तसं, नाहीतर अमकं. "अहो, हे तर मी एकोणीस वर्षं करतोय!" सर हरखून म्हणाले. चौथ्या दिवशी लूप आलं. बाईंनी एकच सूचना पुन्हा पुन्हा छापायला सांगितली आणि सरांनी 'शांत बसा' असं लिहून बटण दाबलं. थांबायची अट घालायला ते विसरले होते. पडद्यावर 'शांत बसा'च्या ओळी धबधब्यासारख्या कोसळायला लागल्या.

"थांबवा, थांबवा!"

"थांबायचं कधी, ते तुम्ही सांगितलंच नाहीत, सर. आता हे वीज जाईपर्यंत चालेल."

सर पडद्याजवळ सरकले. "आणि शांत कोणीच बसलेलं नाही," ते हळूच म्हणाले. सरांनी स्वतःच्या अध्यापनकलेवर केलेलं हे बहुधा पहिलं आणि शेवटचं भाष्य.

दोन आठवड्यांनी खऱ्या कामाला हात घातला. बाईंचं म्हणणं असं, की आधी कॉम्प्युटरला हात लावायचाच नाही. आधी कागद. कशावरून काय ठरतं, ते सगळं मांडायचं. शिक्षक किती, वर्ग किती, तास किती, नियम कोणते.

"नियम सांगा, सर."

"एका वेळी एक माणूस एकाच वर्गात."

"बरोबर. पुढचा?"

"इतिहासाच्या सरांना मधल्या सुट्टीनंतरचा तास नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही. ते काही नियमात लिहितात का?"

"नियमात नाही लिहायचं. पण शेजारी कॉमेंट लिहायची. उद्या हा प्रोग्रॅम दुसऱ्या कोणी उघडला, तर ही अट का घातली ते त्याला कळायला नको? चांगल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक अटीशेजारी तिचं कारण असतं. खरं कारण. ते नसलं की सहा महिन्यांनी आपलाच प्रोग्रॅम आपल्याला परका होतो."

"पण मशीन ते वाचेल की."

"नाही वाचत, सर. ओळीत ही खूण केली की पुढचं सगळं मशीन सोडून देतं. तुम्ही काहीही लिहा, त्याला पत्ता लागत नाही."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "काहीही?"

"काहीही."

आता एका माणसाची अवस्था बघा. एकोणीस वर्षं त्याने बावीस जणांची बिंगं पोटात ठेवली. बायकोलाही अर्धीच सांगितली. आणि अचानक कोणीतरी त्याला अशी जागा दाखवते, जिथे खरं लिहिणं हा शिष्टाचार आहे आणि जिच्यावरून यंत्र मुद्दाम नजर फिरवून घेतं. मशीन वाचत नाही म्हणजे कोणीच वाचत नाही, असा सरळ अर्थ सरांनी काढला. माणसंही वाचू शकतात, हा मुद्दा बाईंनी सांगितला नाही. तो सांगावा लागतो हे त्यांना माहीत नव्हतं.

सरांनी लिहायला घेतलं. महिनाभर लिहिलं. प्रोग्रॅम सव्वादोन पानांत बसला असता. कॉमेंट पावणेबारा पानांच्या झाल्या.

गणिताच्या सरांना शेवटचा तास नको, या अटीशेजारी त्यांनी लिहिलं: 'सुटल्याची घंटा यांना ऐकू येत नाही, वर्ग कोंडून ठेवतात. चहा आल्याचं मात्र तीन भिंतींपलीकडून ऐकू येतं.' इतिहासाचे सर: 'झोपतात. वर्गाने दोनदा उठवलं. तिसऱ्यांदा वर्ग शहाणा झाला, उठवलं नाही.' भाषेच्या बाई आणि चित्रकलेच्या बाई यांना एकाच वेळी मोकळा तास देऊ नये: 'दोघी कुचाळक्यांना बसल्या की तिसऱ्या कोणाचं तरी सोनं होतं.' पी.टी.च्या सरांना पहिला तास नाही: 'रोज उशीर. महिन्यात नऊ वेळा गाडी पंक्चर. सर पायी येतात.' विज्ञानाच्या सरांना गुरुवारी सलग दोन तास प्रयोगशाळा: 'प्रयोग होत नाही. प्रयोगशाळेला आतून कडी आहे, आणि आत लांब टेबल आहे.' शेवटी मोठ्या बाईंचा आठवड्यातून एक मूल्यशिक्षणाचा तास होता. तिथे सरांनी कोणतीच अट घातली नाही, फक्त लिहिलं: 'कुठेही ठेवा. त्या येत नाहीत.'

लिहून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्या संध्याकाळी ते घरी जाऊन कारण नसताना भांडी घासायला बसले.

"बरं नाहीये का?" बायकोने कपाळाला हात लावून पाहिलं.

"छान आहे. मोकळं मोकळं वाटतंय."

"मग घासा. तव्यापासून सुरू करा."

सोमवारी सकाळी प्रार्थनेआधी मोठ्या बाईंसमोर प्रोग्रॅम चालवायचा होता. विज्ञानाचे सर बॅग खांद्याला लावून मुद्दाम हजर राहिले. काही फसलं तर ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं अशी त्यांची इच्छा असावी. सरांनी बटण दाबलं. चार सेकंदांत बावीस शिक्षक, अठरा वर्ग आणि आठवड्याचे सगळे तास पडद्यावर रांगेत उभे राहिले. कुठेही टक्कर नाही. विज्ञानाच्या सरांनी गुरुवार तपासला, प्रयोगशाळा जागेवर आहे हे पाहिलं आणि नाइलाजाने "छान" म्हणाले.

"वा!" मोठ्या बाई म्हणाल्या. "प्रिंट काढा आणि आजच सूचनावहीत फिरवा."

"मी काढून देते," कॉम्प्युटरच्या बाई पुढे झाल्या.

"राहू द्या. मीच काढतो," सर म्हणाले. कर्तृत्वाच्या शेवटच्या बटणावर दुसऱ्याचं बोट त्यांना नको होतं. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या: एकीत वेळापत्रक, दुसरीत प्रोग्रॅम. पहिल्या घंटेच्या आवाजात सरांनी एका खिडकीवर टिचकी मारली, प्रिंटचं बटण दाबलं आणि ताठ मानेने वर्गावर निघून गेले. प्रिंटर होता खाली ऑफिसात. तिथे शिपाईमामांनी बाहेर आलेले कागद गोळा केले. पहिल्या कागदावर मोठ्या अक्षरांत 'वेळापत्रक' असं होतं. मामांनी ते वहीला टाचले आणि मोठ्या बाईंपुढे ठेवले. मोठ्या बाईंनी वर लिहिलं, 'सर्वांनी वाचून सही करावी', आणि खाली पहिली सही स्वतःची ठोकली.

या सूचनावहीचा एक रिवाज होता. वही फिरायची सेवाज्येष्ठतेने. एकदा कोणा कनिष्ठाने वरिष्ठाच्या आधी सही केली म्हणून सहा महिने अबोला झाला होता. तेव्हापासून मामा वही घेऊन पहिल्या क्रमांकाच्या शिक्षकाकडे तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या क्रमांकाकडे तळमजल्यावर, तिसऱ्याकडे पुन्हा वर, असे जिने झिजवत फिरत. वर्गाच्या दारात वही उघडायची, शिक्षकाने फळ्याकडून वळायचं, 'वाचले, मान्य' लिहायचं, सही करायची आणि परत फळ्याकडे. शाळेच्या इतिहासात ती वही कोणी वाचल्याची नोंद नाही. वेळापत्रकसर पाचव्या क्रमांकावर होते. दुसऱ्या तासाला वही त्यांच्याकडे आली तेव्हा ते वाऱ्यांचे प्रकार शिकवत होते. त्यांनीही चौदा पानांच्या त्या जाड गठ्ठ्याखाली 'वाचले, मान्य' लिहिलं, वळणदार सही केली आणि मामांना म्हणाले, "वही जड झालीय हो."

"आज पानं जास्त आहेत, सर. तुमचंच काम म्हणे."

"कामच तेवढं होतं," सर म्हणाले आणि पुन्हा वाऱ्यांकडे वळले.

तिसरा तास संपत आला तेव्हा कॉम्प्युटरच्या बाई दारात आल्या. धाप लागलेली.

"सर, सकाळी तुम्ही काय छापलंत?"

"वेळापत्रक."

"वेळापत्रक दोन पानांचं आहे, सर. ऑफिसातले क्लार्क म्हणतायत, प्रिंटरमधून चौदा निघाली."

सरांच्या हातातून खडू पडला. एवढ्या वर्षांत त्यांच्या वर्गात पहिल्यांदाच पूर्ण शांतता झाली.

आता कोणीही थंड डोक्याचा माणूस काय करेल? आत्तापर्यंत सही करणाऱ्यांनी काही वाचलेलं नाही, पुढचेही वाचणार नाहीत, वही संध्याकाळी कपाटात जाईल, हे ओळखून तो गप्प बसेल. कॉम्प्युटरच्या बाई हेच सांगत होत्या.

"सर, तुम्ही काहीच करू नका. कोणी वाचत नाही ती वही. मी दोन वर्षं सही करतेय, एकदाही वाचली नाही."

"आणि कोणी वाचलीच तर? माझी पर्यवेक्षकाची खुर्ची जाईल, बाई! खुर्ची राहू द्या, मी या शाळेत जेवायला कुठे बसू?"

असं म्हणून सर धावत सुटले. कोणत्या तासाला कोण कुठल्या वर्गात असतो हे त्यांना पाठ होतं आणि ज्येष्ठतेची यादीही पाठ होती. नवव्या क्रमांकाच्या वर्गात पोचले, तर मामा नुकतेच गेलेले. दहावा क्रमांक तळमजल्यावर, सर तिथे. मामा तिथूनही गेलेले. अकरावा तिसऱ्या मजल्यावर. बावन्न वर्षांचा माणूस डस्टर हातात घेऊन जिने चढताना, उतरताना, पुन्हा चढताना एकूण अकरा वर्गांनी पाहिला. शिक्षकही दाराशी येऊन पाहू लागले.

"सर, काय झालं हो?"

"काही नाही! काही नाही! सूचनावही पाहिजे फक्त!"

सूचनावहीसाठी कोणी धावतंय हे दृश्य शाळेत नवीन होतं. 'काही नाही' हे शब्द दोनदा उच्चारले की माणसाला काय समजायचं ते समजतं.

बारावे होते पी.टी.चे सर. त्यांनी मैदानावर सही करून वही मिटलीच होती, तेवढ्यात वेळापत्रकसरांनी ती त्यांच्या हातून ओढली. आता पी.टी.चे सर म्हणजे हातातली वस्तू कोणी ओढली की ती धरून ठेवायची, हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी दुसरं टोक पकडलं.

"अहो, सोडा! चूक झालीय, दुसरी आणतो!"

"चूक? कसली चूक?"

"छापायची. शुद्धलेखनाची. काहीतरी."

"शुद्धलेखनाला एवढी धाव? अहो, वार्षिक शर्यतीत तुम्ही खुर्चीवरून उठला नव्हता." पी.टी.च्या सरांनी एका हिसक्यात वही ताब्यात घेतली आणि मधलंच पान उघडलं. वाचायची सवय नसलेला माणूस मोठ्याने वाचतो, आणि पी.टी.च्या सरांचा मोठा आवाज म्हणजे मैदानाच्या त्या टोकाच्या मुलाला उजवीकडे वळवणारा आवाज. "गाडी पंक्चर. सर पायी येतात."

सातवी ब तिथेच कवायतीत उभी होती. ती आधी हसली आणि मग, हुकूम न मिळताच, विश्राम अवस्थेत गेली.

पी.टी.चे सर लालबुंद झाले. पण पुढच्याच ओळीवर त्यांची नजर गेली आणि चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्यांनी पान उलटलं. "लांब टेबल आहे! अरे वा! हे कोणाचं? विज्ञानाचं! आणि हे... अहो, मोठ्या बाईंचंसुद्धा?" त्यांनी वही काखेत मारली. "मामा, ही राहू द्या माझ्याकडे. मी नीट वाचून सही करतो."

"तुमची सही झालीय, सर," मामा म्हणाले.

"मग पुन्हा वाचतो."

मधल्या सुट्टीपर्यंत वहीने सेवाज्येष्ठतेचे सगळे नियम मोडले. स्टाफरूममध्ये तिच्याभोवती इतकी गर्दी झाली, की चहा तसाच गार झाला. प्रत्येकाचा क्रम एकच: आधी स्वतःची ओळ शोधायची, "हा काय प्रकार आहे!" म्हणून टेबलावर हात आपटायचा, आणि मग दुसऱ्याची ओळ वाचून त्याच टेबलावर डोकं टेकून हसायचं. गणिताचे सर सगळ्यांत जास्त चिडले. त्यांनी इतिहासाच्या सरांची ओळ चार वेळा वाचली तेव्हा कुठे शांत झाले.

"माझं नाव घेऊन झोपतात म्हणता?" इतिहासाचे सर कडाडले.

"नाव नाही घेतलं, विषय लिहिलाय," वेळापत्रकसर कोपऱ्यातून पुटपुटले.

"आम्ही दोघी बसल्यावर कोणाचं सोनं होतं म्हणे?" भाषेच्या बाईंनी विचारलं.

"त्यांनाच विचारा ना," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "आज त्यांचंच करू."

शेवटच्या तासानंतर सभा बसली. मोठ्या बाईंसमोर वही होती आणि चष्मा डोळ्यांवर होता, म्हणजे त्या खरोखर वाचत होत्या. शेवटच्या पानावरच्या आपल्या ओळीपाशी त्या जरा जास्तच थांबल्या.

"बाई, ही बदनामी आहे," विज्ञानाचे सर उभे राहिले. खुर्ची आता आपलीच, असं त्यांच्या आवाजात स्पष्ट ऐकू येत होतं. "लेखी निषेध नोंदवावा."

"नोंदवा की," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण खाली तुमची सही आहे. आठवा क्रमांक. 'वाचले, मान्य.' प्रयोगशाळेला आतून कडी आहे, हे तुम्हाला मान्य आहे."

विज्ञानाचे सर बसले.

"बारा जणांनी मान्य केलंय. बाकीचे सुटत नाहीत, वही त्यांच्यापर्यंत पोचली नाही एवढंच." बाईंनी घसा साफ केला. "माझीही सही आहे. त्यामुळे हा विषय कोणी वाढवू नये असं मला वाटतं. पण एक सांगा, इतक्या सवलती या शाळेत होत्या?"

खोलीत सगळेच एकमेकांकडे बघू लागले. सवलत आपल्या एकट्यालाच आहे आणि ती आपण फार चतुराईने मिळवली आहे, अशी आजवर बावीस जणांची स्वतंत्र समजूत होती.

"सगळ्या अटी काढून टाका," मोठ्या बाईंनी कॉम्प्युटरच्या बाईंना सांगितलं. "सगळ्यांना सारखं. कारणं नकोत, कॉमेंट नकोत."

अटी काढायला बाईंना तीन मिनिटं लागली. नवं वेळापत्रक दोन सेकंदांत आलं, पहिल्यापेक्षा निम्म्या वेळात. समता यंत्रालाही सोपी जाते. मंगळवारपासून ते लागू झालं आणि शाळेत न्याय सुरू झाला.

न्यायाचा पहिला दिवस सगळ्यांनी अभिमानाने काढला. बुधवारी इतिहासाचे सर मधल्या सुट्टीनंतर सहावीत गेले आणि घंटा झाल्यावरही बाहेर आले नाहीत. मुलं चपला हातात घेऊन निघाली होती. शेवटच्या तासाला गणिताच्या सरांनी नववी 'क'ला कोंडलं, तेव्हा फाटकाशी उभ्या असलेल्या आयांनी आत येऊन खिडकीतून हाका मारल्या. पहिल्या तासाला आठवी अ मैदानावर एकटीच कवायत करू लागली, आणि पी.टी.च्या सरांना पहिल्यांदाच पंक्चर सोडून नवं कारण शोधावं लागलं. भाषेच्या आणि चित्रकलेच्या बाईंना रोज चौथा तास एकत्र मोकळा मिळाला. शुक्रवारपर्यंत स्टाफरूममध्ये सहा जणांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. मोठ्या बाईंचा तास प्रोग्रॅमने सोमवारी पहिला ठेवला, तोही नववी 'क'वर. त्यांची ओळ सगळ्यांनी वाचली होती, त्यामुळे त्यांना जावं लागलं. परत आल्या आल्या त्यांनी आपल्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

वेळापत्रकसर या सगळ्यात जिन्याखालच्या बाकावर एकटे डबा खात होते. घरी बायकोची सहानुभूतीही बेताचीच होती. "एवढी वर्षं डोक्यात होतं तेच बरं होतं," ती म्हणाली. "डोक्याचा प्रिंट निघत नाही."

आठव्या दिवशी इतिहासाचे सर त्या बाकावर येऊन बसले. दोन्ही बाजूंना पाहिलं. "ती ओळ परत टाकता येईल का?"

"कॉमेंटशिवाय टाकता येणार नाही. अटीला कारण लागतं."

"कारण आहे ते राहू द्या. 'झोपतात' असू द्या." मग थोडं थांबून, "'तिसऱ्यांदा' तेवढं काढा. ते दोनदाच झालंय."

त्यांच्यामागून गणिताचे सर आले. मग भाषेच्या आणि चित्रकलेच्या बाई एकत्रच आल्या आणि एकमेकींपासून वेगळे तास मागून गेल्या. पी.टी.चे सर म्हणाले, "पंक्चर नऊ नाही, अकरा लिहा, पण पहिला तास काढा." शुक्रवारी मोठ्या बाईंच्या टेबलावर अर्ज आला: जुना प्रोग्रॅम, आहे त्या अटींसह आणि आहे त्या कारणांसह, पुन्हा चालू करावा. खाली सह्या होत्या. या वेळी सगळ्यांनी खरोखर वाचून केलेल्या. विज्ञानाच्या सरांची सही सगळ्यांत ठळक होती. गुरुवार त्यांना फार जड गेला होता.

मोठ्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला. "या शाळेत आजवर एका कागदावर एवढी माणसं एकमताने आली नव्हती," त्या वेळापत्रकसरांना म्हणाल्या. "सगळ्यांची खोड ज्याला माहीत आहे आणि तरी सगळे ज्याला मागतायत, तोच पर्यवेक्षक. सोमवारपासून केबिनमध्ये बसा. वेळापत्रक मात्र आता तुमचं काम नाही, पर्यवेक्षकाने कारकुनी करायची नाही. फाइल कॉम्प्युटरच्या बाई सांभाळतील."

सरांना केबिन मिळालं, फिरती खुर्ची मिळाली, दारावर पाटी मिळाली. पेढ्याऐवजी बायकोने पाठीला लावायचा पट्टा आणला, कारण फिरत्या खुर्चीने पाठ धरते असं तिने ऐकलं होतं. पहिल्या आठवड्यात सर खुर्ची दोन्ही दिशांना फिरवून बसले. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की पाठदुखीबद्दल कोणीच विचारलेलं नाही. चहा येत होता, पण शेवटी येत होता. स्टाफरूमच्या दारातून त्यांनी डोकावून पाहिलं, तर पंख्याखालच्या खुर्चीत कॉम्प्युटरच्या बाई बसल्या होत्या. गणिताचे सर त्यांच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करत होते आणि विज्ञानाचे सर स्वतःची बॅग बाजूला सरकवून त्यांचा लॅपटॉप ठेवायला जागा करून देत होते.

तिसऱ्या आठवड्यात सर साडेचार वाजता कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. बाई प्रोग्रॅम उघडूनच बसल्या होत्या.

"या सर. बसा. काही काम होतं?"

"तसं काही नाही. आई कशा आहेत तुमच्या? गुडघा?"

"बऱ्या आहेत." बाई थांबल्या. त्यांना आता थांबायला छान जमत होतं.

"ते... मला बुधवारी पाचवा तास असतो, दहावी ब. तो दुसरीकडे कुठे गेला असता तर..."

"जाईल की, सर. सोपं आहे." बाईंनी नवी ओळ उघडली, अट लिहिली, पुढे ती खूण केली आणि कीबोर्डवर बोटं ठेवून वळल्या. "कारण काय लिहू?"

"लिहायलाच पाहिजे?"

"तुम्हीच अर्जदारांना सांगितलं होतं ना. खरं लिहायचं, सर. सहा महिन्यांनी हा प्रोग्रॅम आपल्याला परका नको व्हायला."

सर उठले. दार लावून आले. पुन्हा बसले आणि पाटीवरच्या पदाला शोभणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले, "बुधवारी पाचव्या तासाला स्टाफरूममध्ये सगळ्यांत जास्त माणसं मोकळी असतात. मीच लावलं होतं तसं. तेव्हा तिथे जाऊन जरा बसावं म्हणतो. केबिनमध्ये कोणी येत नाही हो."

बाई हसल्या नाहीत. त्या टाइप करू लागल्या. सरांना वाटलं होतं, एका ओळीत आटपेल. बाईंनी तीन ओळी लिहिल्या आणि पडदा जरासा स्वतःकडे वळवून घेतला.